कडाक्याच्या थंडीत वन्यप्राण्यांचे फोटो: तयारीपासून परतीपर्यंत, क्रमाने

सहा तास बर्फात काढून माणूस खोलीत येतो, हीटरजवळ बसतो आणि सगळ्यात आधी बॅग उघडून कॅमेरा हातात घेतो. फोटो बघायची घाई असते. मिनिटाभरात लेन्सची पुढची काच पांढरी होते, मग व्ह्यूफाइंडर धुरकटतो, मग बटणांच्या फटींवर ओल दिसू लागते. दुसऱ्या दिवशी तो सांगतो, थंडीने कॅमेरा गेला. खरं तर कॅमेरा गेला तो खोलीतल्या उबदार, दमट हवेने.

बर्फातल्या छायाचित्रणाबद्दल लोक विचारतात ते शटर स्पीड आणि आयएसओ. नुकसान होतं ते मात्र क्रम चुकल्यामुळे: उबेतून थंडीत आणि थंडीतून उबेत कॅमेरा, बॅटऱ्या आणि स्वतःचं शरीर कधी आणि कसं न्यायचं, इथे. म्हणून पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. शून्य ते साधारण उणे २५ अंश सेल्सिअस तापमान मी धरलं आहे. त्याखाली जायचं असेल तर त्या भागातला अनुभवी माणूस सोबत हवाच.

१. निघण्याआधी घरात

जे हातमोजे तिथे घालणार आहात तेच घालून दिवा बंद करा आणि कॅमेरा हातात घ्या. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय, दोन पायऱ्या वर न्या. फोकसचा चौकोन डावीकडे हलवा. आयएसओ बदला. बॅटरी काढून दुसरी घाला. यातलं जे जमत नाही ते तिथेही जमणार नाही, कारण तिथे बोटं बधिर असतील. अशी कामं मोठ्या डायलवर किंवा हाताला सहज लागणाऱ्या बटणावर नेऊन ठेवा. हा सराव करा म्हणून मी प्रत्येकाला सांगतो आणि फार थोडे करतात. पहिल्याच सकाळी मोजे काढून उभा असलेला माणूस दिसला की त्याने केला नाही हे कळतं.

बाकीच्या सेटिंगही घरीच उरका. रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सुरू. हिस्टोग्राम (फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख) आणि जळलेला, म्हणजे अति उजेडाने कोरा पांढरा झालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना सुरू. वायफाय, जीपीएस आणि फोटो काढल्यावर आपोआप दिसणारं चित्र बंद, कारण ही तिन्ही बॅटरी खातात. मेमरी कार्ड दिवसभर पुरेल एवढं मोठं आणि रिकामं असू द्या. भुरभुरीत बर्फात पडलेलं काळं कार्ड सापडत नाही, ते थेट खाली जातं.

बॅगेत काय हवं: कॅमेरा लेन्ससकट मावेल अशा दोन मोठ्या झिपच्या प्लास्टिक पिशव्या, रबरी ब्लोअर, कोरडी मायक्रोफायबर कापडं (एक ओलं झालं की ते संपलं, म्हणून तीन-चार), बसण्यासाठी फोमची चटई, डोक्याला लावायची टॉर्च, थर्मास आणि लेन्स हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी नळी). हूड विसरलात तर परत या. पडत्या बर्फात पुढची काच वाचवणारी तेवढी एकच वस्तू आहे.

तपासा: सगळ्या बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या आणि त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे टाकलेले. हे आकडे तिसऱ्या टप्प्यात लागतील.

२. अंगावरचे थर

इथे चूक होते ती सुती कपड्यांची. सूत घाम धरून ठेवतं, आणि चालणं थांबलं की तोच घाम अंग गार करतो. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर पिसांचा किंवा फायबरचा उबदार थर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. चालताना मधला थर काढून बॅगेत ठेवा आणि थोडी थंडी वाजू द्या. थांबलात की लगेच, थंडी वाजायची वाट न पाहता, तो चढवा. उलट्या क्रमाने करणारे, म्हणजे घरातूनच सगळं घालून निघणारे आणि चढावर घामाघूम होणारे, तासाभरात कुडकुडताना दिसतात.

हातांत दोन थर: आत बोटांचे पातळ मोजे, बाहेर बोटं एकत्र राहणारे जाड मिटन. फोटोच्या वेळी फक्त मिटन निघेल, पातळ मोजा कधीच निघणार नाही. उघडं बोट धातूला लावू नका. मिटन दोरीने मनगटाला अडकवा, नाहीतर वारा ते घेऊन जातो.

बूट अर्धा नंबर मोठे असावेत. घट्ट बुटात दोन जोड्या मोजे कोंबले की रक्त पोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. हात गरम ठेवणाऱ्या पुड्यांमधल्या लोखंडाच्या भुकटीला उष्णता द्यायला हवेतला ऑक्सिजन लागतो. घट्ट बुटात किंवा बंद पिशवीत त्या मंदावतात, म्हणून वीसेक मिनिटं आधी उघडा आणि सैल जागी ठेवा.

धोका: वाऱ्याचा हिशेब धरा. उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते साधारण उणे २० सारखं लागतं. कॅमेरा हवेच्या तापमानाखाली जात नाही, पण तुमचं नाक आणि गाल वाऱ्यात फार लवकर गार पडतात.

३. बॅटऱ्या: कुठे ठेवायच्या, कधी बदलायच्या

लिथियम-आयन बॅटरी थंडीत रिकामी होत नाही. आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि बॅटरी पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. कॅमेऱ्याला ती संपल्यासारखी वाटते. म्हणून २० टक्के दाखवून बंद पडलेली बॅटरी फेकल्यासारखी बॅगेत टाकू नका. ती अंगालगतच्या खिशात ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा चालेल.

क्रम असा. कॅमेऱ्यात १ क्रमांकाची. २ आणि ३ आतल्या खिशात, अंगाच्या उबेत, झिपच्या छोट्या पिशवीत. किल्ल्या आणि नाणी त्या खिशात नकोत. १ थकली की २ आत आणि १ उबेला. फिरवत राहिलं की तीन बॅटऱ्या दिवसभर पुरतात. आकडे नसतील तर दुपारपर्यंत कोणती ताजी आणि कोणती थकलेली हे कळेनासं होतं.

बदल करायची वेळ तुम्ही ठरवा, कॅमेऱ्याला ठरवू देऊ नका. प्राणी झोपलेला किंवा दूर असताना बदला.

४. बाहेर पडल्यावर पहिला अर्धा तास

उबदार खोलीतून किंवा गाडीतून थेट बाहेर काढलेल्या मोठ्या लेन्सने काढलेले पहिले फोटो मऊ, म्हणजे थोडे अस्पष्ट, येतात. लोक लेन्सला किंवा फोकसला दोष देतात. कारण वेगळं असतं. गरम लेन्सभोवती, विशेषतः लांब हूडच्या आत, गरम आणि थंड हवा मिसळत राहते आणि उन्हाळ्यात रस्त्यावर दिसते तशी हवा थरथरते. त्यावर कुठलीही सेटिंग चालत नाही. बॅगेचं तोंड थोडं उघडून ती बाहेर ठेवा आणि अर्धा तास लेन्स थंड होऊ द्या. मोठ्या टेलिफोटोला, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लांब लेन्सला, त्याहून जास्त वेळ लागतो.

गाडीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्यांची हीच अडचण दुप्पट होते. आत हीटर, बाहेर उणे १५, आणि उघड्या खिडकीतून बाहेर वाहणारी गरम हवा नेमकी लेन्ससमोर. हीटर आधीच बंद करा, सगळ्या काचा खाली करा, इंजिन बंद करा आणि आतलं तापमान बाहेरच्यासारखं होईपर्यंत थांबा. गाडीत कुडकुडावं लागेल, त्याला इलाज नाही.

एकदा थंड झालेला कॅमेरा मग दिवसभर थंडच राहू द्या. त्याला जाकिटात खुपसून ऊब देणं हे मायेचं वाटतं, पण जाकिटातली हवा घामाने दमट असते. ती थंड काचेवर बसते आणि बाहेर काढताच गोठते. उबेत बॅटरी राहील, कॅमेरा नाही.

तपासा: लांबच्या झाडाच्या खोडाचे पाच फोटो काढून शंभर टक्के मोठे करून बघा. पाचही सारखे आणि स्पष्ट असतील तरच पुढे.

५. जागा, वारा आणि अंतर

हा टप्पा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, कारण इथल्या चुकीची किंमत आपण देत नाही.

हिवाळ्यात रानातलं जनावर साठवलेल्या चरबीवर दिवस काढत असतं. जे खायला मिळतं त्यातून रोजचा खर्चही भागत नाही. खोल बर्फातून दोनशे मीटर पळणं म्हणजे त्या शिल्लकीतून काढलेली मोठी रक्कम. तुमच्यामुळे ते पळालं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणामुळे पळालं, असं होत राहिलं तर वसंतापर्यंत ती शिल्लक पुरत नाही. आपण गेल्यावर मागे काय झालं हे आपल्याला दिसत नाही, म्हणून ते झालंच नाही असं समजू नये.

म्हणून आधी त्या जागेचा नियम शोधा. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, आणि बायसनसकट इतर प्राण्यांपासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर, दूर राहावं लागतं. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर बंधनकारक आहे. नियम नसेल तिथे प्राण्याचं वागणं हाच नियम धरा.

ते वागणं असं वाचायचं. चरणारं जनावर डोकं वर करून तुमच्याकडे बघतं आणि पुन्हा चरू लागतं, इथवर ठीक. डोकं वरच राहिलं, चघळणं थांबलं, कान तुमच्यावर रोखले गेले, की जागच्या जागी थांबा आणि खाली बसा. त्याने अंगाचा रोख बदलला, एक पाय उचलला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. मागे व्हा. पळाल्यावर मागे होण्यात अर्थ नाही.

आता जागा. वारा प्राण्याकडून तुमच्याकडे यायला हवा. थोडा भुरभुरीत बर्फ हवेत सोडला की वाऱ्याची दिशा कळते. ताजे ठसे सापडले तर त्यांच्या कडा धारदार आणि आतला बर्फ मोकळा असतो. जुन्या ठशांच्या कडा गोलावतात आणि तळ कडक होतो. ताज्या ठशांचा पाठलाग करू नका. ठसे कुठून कुठे जातात ते बघा, प्राणी त्याच वाटेने परततो का याचा अंदाज घ्या आणि त्या वाटेपासून लांब, आडोशाला, त्याच्या आधी जाऊन बसा. मागून जाणाऱ्याला पाठीचेच फोटो मिळतात. हिमबिबट्या हिवाळ्यात भरल या पहाडी रानमेंढ्यांच्या मागोमाग खाली उतरतो, तेव्हाही कड्यावर चढून त्याला गाठायला जाणाऱ्यापेक्षा समोरच्या उतारावर दुर्बीण घेऊन तासन् तास बसणाऱ्याला तो जास्त दिसतो.

खाद्य टाकून बोलावू नका. ड्रोन नको. गुहा, बीळ किंवा बर्फातली विवरं यांच्या जवळ जाऊ नका, त्यात झोपलेलं अस्वल असू शकतं किंवा बर्फात भुयार करून रात्र काढणारे पक्षी.

तपासा: परतीची वाट कोणती, अंधार किती वाजता, गोठलेल्या पाण्यावरून जावं लागतं का. उत्तर येत नसेल तर इथेच थांबा.

६. एक्स्पोजर

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरी राखाडी आहे असं धरून चालतो. समोर सगळा बर्फ असला की त्यालाही तो राखाडी करतो. म्हणून बर्फातले बहुतेक पहिले फोटो मळक्या चादरीसारखे दिसतात. पाय पुढे टाकण्याआधी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा. ढगाळ दिवशी आणि चौकटभर बर्फ असेल तर +१.७ ते +२ पर्यंतही जावं लागतं.

नेमका आकडा हिस्टोग्राम सांगतो. बर्फाचा डोंगर उजव्या कडेच्या जवळ यावा, कडेला आपटू नये. लुकलुकणारी सूचना बर्फाच्या मोठ्या पट्ट्यावर आली तर एक्स्पोजर एका स्टॉपच्या, म्हणजे +१ मधल्या त्या एकाच्या, तिसऱ्या हिश्शाने कमी करा. तिथे एखाद-दुसरा चमकता कण लुकलुकला तर सोडून द्या. पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नका, लख्ख बर्फात उभं राहून पाहिलेला पडदा नेहमी काळवंडलेलाच वाटतो.

खरी अडचण येते ती जनावर हलू लागलं की. काळसर बायसन चौकटीत छोटा असताना मीटरला बर्फ दिसतो, तोच जवळ आला की मीटरला काळं अंग दिसतं आणि तो एक्स्पोजर वाढवतो. मागचा बर्फ जळून जातो. प्रकाश स्थिर असेल तर मॅन्युअल मोड घ्या, बर्फावर एक्स्पोजर बसवा आणि प्राणी कुठेही जावो, हात लावू नका. सावलीतले गडद भाग रॉ फाइलमधून नंतर उजळता येतात, जळलेला बर्फ परत येत नाही.

पांढऱ्यावर पांढरं, म्हणजे बर्फात ध्रुवीय खोकड किंवा हिवाळी ससा, असेल तर आकार सावलीतून येतो. ढगाळ दुपारी तो आकार हरवतो. सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश येईपर्यंत थांबा. बर्फावरच्या सावल्या निळ्या दिसणार, कारण त्यांच्यावर आकाशाचा प्रकाश पडतो. तो निळा रंग पूर्ण पुसू नका, पुसला तर थंडीच निघून जाते.

७. फोकस आणि पडता बर्फ

बर्फ पडत असताना ऑटोफोकस जवळच्या कणांना धरतो. प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय असली तरी दाट बर्फात ती चुकते. फोकसचा भाग लहान करा, एका बिंदूचा किंवा छोट्या चौकोनाचा. मध्ये काही आलं तरी लगेच उडी मारू नये अशी ट्रॅकिंगची सेटिंग असते, ती संथ करा. लेन्सवर अंतर मर्यादित करायचा खटका असेल तर जवळचा पल्ला बंद करा.

शटर स्पीड ही तुमची निवड. १/१००० च्या वर कण हवेत ठिपक्यांसारखे थांबतात. १/१२५ च्या आसपास त्यांच्या रेघा होतात आणि वाऱ्याची दिशा दिसते, पण जनावर स्थिर हवं आणि ट्रायपॉड हवा.

लाल खोकडाची उडी टिपायची असेल तर डोकं बघा. तो थांबतो, कान पुढे काढतो आणि डोकं एका बाजूला कलवतो, कारण बर्फाखाली चालणाऱ्या उंदराचा आवाज तो ऐकत असतो. डोकं पुन्हा कलतं, मागचे पाय किंचित जवळ येतात. इथे झूम मागे घ्या. नवखे नेमकं उलटं करतात, चेहरा भरून येईपर्यंत जवळ नेतात आणि उडी मारल्यावर फोटोत फक्त शेपटी उरते. चौकटीत वरच्या बाजूला त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी जागा ठेवा, शटर १/२००० किंवा जास्त, आणि सलग फोटो.

श्वासाची वाफ हवी असेल तर सूर्य जनावराच्या मागे, आणि त्याच्याही मागे गडद झाडी किंवा सावलीतला डोंगर हवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर वाफ दिसत नाही.

८. बसून राहण्याचे तास

श्वास बाजूला सोडा. व्ह्यूफाइंडरला नाक लावून सोडलेला श्वास काचेवर गोठतो, मग कितीही पुसलं तरी थर राहतो. तोंडावरचं कापड नाकाखाली दाबून घ्या, नाहीतर ते सगळी वाफ वर, नेमकी डोळ्याशी आणून सोडतं. काचेवर बर्फ बसला तर फुंकर नाही, ब्लोअर. मोज्याने पुसायचं नाही. जपानमधल्या जिगोकुदानीसारख्या गरम झऱ्याजवळ हिममाकडांचे फोटो काढताना झऱ्याची वाफ काचेवर बसून गोठते. तिथे वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसणं हाच उपाय.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून खोल बर्फात दाबू नका. बर्फ त्यांना आणखी बाहेर ढकलतो आणि सांधा तुटतो. थोडे जवळ ठेवून दाबा. पायाखाली बर्फ तुडवून कडक करून घ्या, त्यावर फोमची चटई आणि त्यावर तुम्ही.

दर वीस मिनिटांनी सोबत्याचा चेहरा बघा, त्याला तुमचा बघू द्या. नाक, गाल किंवा कानाची पाळी पांढरट, मेणासारखी दिसली आणि तिथे संवेदना नसेल तर ती हिमदंशाची सुरुवात आहे. कोरड्या उबदार हाताने झाका. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. बोलणं अडखळू लागलं, हातातून वस्तू पडू लागल्या, साध्या प्रश्नाला उत्तर सुचेना, तर शरीराचं आतलं तापमान उतरतं आहे. समोर कुठलाही प्राणी असो, त्या क्षणी निघायचं, आणि त्या माणसाला एकटं चालू द्यायचं नाही.

९. परतताना

दाराबाहेर, थंडीतच, हे करा.

मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात घाला. फोटो बघायची घाई यानेच भागते, कॅमेरा उघडावा लागत नाही. कॅमेऱ्यावरचा बर्फ ब्लोअरने आणि मऊ ब्रशने झटका, कारण आत तो वितळणारच. मग कॅमेरा लेन्ससकट झिपच्या पिशवीत घाला, जास्तीची हवा दाबून काढा, तोंड पूर्ण बंद करा आणि ती पिशवी बॅगेत ठेवून बॅगही बंद करा. पिशवीत जी हवा राहिली ती बाहेरची, थंड आणि कोरडी आहे. आता दव पडलं तर ते पिशवीच्या बाहेरून पडेल.

आत गेल्यावर बॅग हीटरपासून लांब, शक्यतो खोलीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. छोट्या कॅमेऱ्याला दोन तास, मोठ्या टेलिफोटोला चार किंवा जास्त. पिशवीला बाहेरून हात लावून बघा. ती गार लागते तोवर उघडायची नाही. घाईत मी एकदा तासाभरात उघडली होती, आणि लेन्सच्या आतल्या काचेवर, जिथे कापड पोचत नाही तिथे, दवाचा गोल उमटलेला पाहिला. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत बंद करून दोन दिवस ठेवल्यावर तो गेला. त्या दोन दिवसांत बाहेर काय काय येऊन गेलं ते सोबत्यांकडून ऐकलं.

धोका: संध्याकाळी आत आणि रात्री पुन्हा बाहेर अशा फेऱ्या कॅमेऱ्याला घडवू नका. तासाभरात परत निघायचं असेल तर बंद बॅग थंड गाडीत किंवा पडवीत सुरक्षित जागी राहू द्या आणि फक्त बॅटऱ्या आत न्या.

थंड बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर जमतो आणि बॅटरी कायमची खराब होते. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा. तोवर कार्डावरचे फोटो दोन ठिकाणी उतरवा, ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून आतलं पाणी पुसून तसेच उभे ठेवा, आणि बुटांची आतली अस्तरं काढून वाळत घाला, कारण सकाळी ओलसर अस्तरावर पाय ठेवला की दुसऱ्या टप्प्यात केलेली सगळी तयारी वाया जाते.